धातुबद्ध अधिरेण्वीय बहुवारिके

धातूच्या आयनांनी एकमेकांना जोडलेल्या सेंद्रिय रेणूंच्या लांब साखळ्यांना किंवा जाळ्यांना धातुबद्ध अधिरेण्वीय बहुवारिके म्हणतात. प्रयोगशाळेतल्या रोजच्या बोलण्यात त्यांचा उल्लेख मेटॅलोसुप्रामॉलिक्युलर पॉलिमर असा होतो. पॉलिथिनसारख्या नेहमीच्या बहुवारिकात एकके सहसंयुजी बंधांनी कायमची जखडलेली असतात. येथे मात्र साखळीतला सांधा म्हणजे धातूचा आयन आणि त्याला इलेक्ट्रॉनांची जोडी देणारा लिगंड यांच्यातील कोऑर्डिनेशन बंध असतो, आणि तो परिस्थितीनुसार सुटतो व पुन्हा जुळतो. या पदार्थांचे बहुतेक उपयोग आणि त्यांच्या बहुतेक अडचणीही याच एका गुणातून निघतात.

अशा बंधांची उकल आल्फ्रेड व्हेर्नर यांनी केली आणि त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रेणूंच्या परस्परांतील सैल, सुटू शकणाऱ्या जोडणीचे, म्हणजेच अधिरेण्वीय, रसायनशास्त्र उभे करणारे झाँ-मारी लेन यांना डोनाल्ड क्रॅम व चार्ल्स पेडरसन यांच्यासह १९८७ मध्ये हा मान लाभला. पुढे १९९७ मध्ये नेदरलँड्समधील रसायनज्ञ बर्ट मायर यांच्या गटाने चार-चार हायड्रोजन बंधांनी जुळणाऱ्या साखळ्या खऱ्या प्लॅस्टिकसारख्या वागतात हे दाखवले. हायड्रोजन बंधाची ताकद फार बदलता येत नाही. धातू वापरला की ही मर्यादा बरीच सैल होते.

सर्वाधिक अभ्यासलेला लिगंड म्हणजे टरपिरिडीन. त्यातील तीन कड्यांचे तीन नायट्रोजन अणू धातूला एका बाजूने पकडतात, समोरून दुसरा टरपिरिडीन येतो आणि सहा नायट्रोजनांच्या वेढ्यात आयन बसतो. एकाच रेणूच्या दोन्ही टोकांना टरपिरिडीन असेल, तर धातू मिसळताच साखळी आपोआप वाढू लागते. जस्ताचे बंध चटकन सुटतात, लोहाचे (२+) बरेच टिकतात, तर रुथेनियमचे बंध सामान्य तापमानाला जवळजवळ सुटतच नाहीत. रुथेनियमच्या साखळीला अधिरेण्वीय म्हणावे का, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. लिगंडाच्या रंगहीन विद्रावात लोहाच्या क्षाराचे थेंब सोडले की क्षणात गडद जांभळा रंग चढतो. लोहाकडील इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून लिगंडाकडे सरकतो, त्याचा हा परिणाम. अशा बहुवारिकाचा पातळ थर विद्युत्‌वाहक काचेवर देऊन विद्युत्‌दाब लावला, तर लोहाचे ऑक्सिडीभवन होऊन (त्याचा एक इलेक्ट्रॉन निघून) हा रंग जातो आणि दाब उलटा केला की परत येतो. रंग बदलणाऱ्या खिडक्या व दर्शकपटल यांसाठी जपानमधील त्सुकुबा येथे या थरांवर बरेच काम झाले आहे.

कागदावर सोपी वाटणारी ही कृती प्रत्यक्षात वजनकाट्यापाशी अडते. धातू आणि दुटोकी लिगंड यांचे प्रमाण १:१ असावे लागते. बंध कितीही पक्के असले, तरी धातू १ टक्का जास्त पडला तर साखळीची सरासरी लांबी सुमारे २०० एककांवर थांबते. ५ टक्के जास्त पडला तर ती जेमतेम ४० एककांवर येते, कारण जादा आयन टोकांवर बसून पुढची वाढ बंद करतात. धातूंचे अनेक क्षार हवेतली ओल शोषतात, त्यामुळे नुसत्या वजनावर विसंबता येत नाही. धातूचा विद्राव थोडा थोडा घालत वर्णपटमापकावर शोषण पाहायचे आणि आलेख जिथे वळतो तिथे हात थांबवायचा, हीच खात्रीची रीत. विद्राव फार विरळ असेल, तर साखळीऐवजी बंद कडी तयार होतात.

बंध सुटण्याचा गुण दुरुस्तीसाठी वापरता येतो. २०११ मध्ये स्टुअर्ट रोवन व क्रिस्टोफ वेडर यांच्या गटांनी जस्त किंवा लॅन्थॅनम असलेल्या बहुवारिकावरील चरे अतिनील प्रकाशाने बुजवून दाखवले. शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते, सांधे तात्पुरते सुटतात, पदार्थ पातळ होऊन चरा भरतो आणि प्रकाश काढल्यावर सांधे पुन्हा जुळतात. अशा पदार्थांना सरसकट ‘स्वतःहून बरे होणारे’ म्हणणे अतिशयोक्त आहे; बहुतेक वेळा बाहेरून उष्णता द्यावी लागते, आणि जो पदार्थ सहज बुजतो तो सहसा मऊही असतो.

लिगंड लहान असले तरी धातूमुळे त्यांचे अब्जांश मीटर जाडीचे तंतू बनून विद्रावक त्यांच्या जाळ्यात अडकतो व धातुजेल तयार होते. पहिली परीक्षा साधी असते: कुपी उलटी करायची. घट्ट लागलेल्या दह्यासारखे जेल जागचे हलले नाही, तरच पुढे त्याची लवचिकता मोजायची. शिंपल्यांच्या चिवट धाग्यांवरून सुचलेल्या जेलमध्ये लोह (३+) व कॅटेकॉल हा ऑक्सिजनने धातू पकडणारा लिगंड यांचा बंध असतो. आम्लता कमी करत नेली की एका आयनाभोवती एक, मग दोन, मग तीन कॅटेकॉल जमतात आणि हिरवट द्रवाचे लाल, लवचिक जेल होते. चांदीच्या जेलमध्ये क्षपण घडवले, म्हणजे चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन दिले, तर तंतूंवरच चांदीचे अब्जांश कण तयार होतात.

या पदार्थांचे चांगले स्फटिक क्वचितच मिळतात, म्हणून धातूभोवती नेमके कोण आहे हे नेहमीच्या क्ष-किरण स्फटिकमापनाने कळत नाही. त्यासाठी क्ष-किरणांच्या शोषणाचे मापन करावे लागते, आणि येथे इंदूरचे महत्त्व येते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या आणि २००५ पासून अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांचे नाव लाभलेल्या तिथल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राला शहरातल्या रामबाग किंवा लोकमान्यनगरातल्या मराठी घरांत अजूनही ‘कॅट’ (सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) असेच म्हणतात. तेथील इंडस-२ हे २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे, १७२.५ मीटर परिघाचे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांना कड्यात वेगाने फिरवणारे यंत्र, क्ष-किरण पुरवते. खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठाच्या आवारात विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त संशोधन केंद्र आहे, आणि त्याच रस्त्यावर पुढे सिमरोलला २००९ मध्ये स्थापन झालेली आयआयटी आहे; तेथे पेप्टाइड जेल व धातूंची कोऑर्डिनेशन बहुवारिके यांवर संशोधन चालते. १८९१ च्या होळकर महाविद्यालयातून रसायनशास्त्र शिकलेल्याला हे सारे शहरातच मिळते.

इंडस-२ वरील शोषणमापनात क्ष-किरणांची ऊर्जा लोहाच्या ७,११२ इलेक्ट्रॉन व्होल्ट या सीमेपलीकडे (जिथे शोषण एकदम वाढते) हळूहळू वाढवतात आणि शोषणातील बारीक लहरींवरून शेजारच्या अणूंचे अंतर काढतात. नमुना जेल असो वा भुकटी, फरक पडत नाही. लोह व नायट्रोजन यांतील अंतर २ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे अब्जांश मीटरचा दहावा भाग) आसपास आले तर टरपिरिडीनची पकड घट्ट, ते २.२ च्या जवळ गेले तर आयनाची चुंबकीय अवस्था बदललेली आणि बंध सैल. अंतर शतांश अँगस्ट्रॉमच्या घरात कळते, पण शेजाऱ्यांच्या संख्येत १० ते २० टक्के चूक राहू शकते. शिवाय शेजारी नायट्रोजन आहे की पाण्यातला ऑक्सिजन, हे या लहरींवरून वेगळे करणे अवघड असते, कारण दोघांच्या अणुक्रमांकांत फक्त एकाचा फरक आहे. म्हणून रचना माहीत असलेल्या संयुगाचे मापन त्याच बैठकीत करून घेतात आणि अवरक्त वर्णपटाची जोड दिल्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत.