अकरावीचा फॉर्म भरायला येण्याआधी

पालकहो आणि विद्यार्थी मित्रांनो,

दहावीचा निकाल लागला की आमच्या फॉर्म भरण्याच्या केंद्रासमोर रांग लागते. त्या घाईत फॉर्म भरून होतो, पण कॉलेजांचा पसंतीक्रम नीट लागत नाही. म्हणून हे पत्रक आधीच हातात देत आहोत. घरी सगळ्यांनी मिळून वाचा, मग या.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरती होती. फॉर्मच्या भाग १ मध्ये विद्यार्थ्याची माहिती आणि भाग २ मध्ये कॉलेजांची पसंती, कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १०. त्या वर्षी शुल्क १०० रुपये होतं. यंदाचं वेळापत्रक आणि नियम अकरावी प्रवेशाच्या सरकारी पोर्टलवर एकदा पाहूनच घ्या.

सगळं वजन भाग २ वर आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर प्रवेशाच्या पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. दुसरी किंवा त्याखालची पसंती लागली तर मात्र पुढच्या फेरीसाठी थांबता येतं. मैत्रिणीने टाकलं म्हणून रोज दोन बस बदलून जावं लागेल असं कॉलेज पहिल्या नंबरवर कृपा करून टाकू नका.

आणखी एक. यादीत एकाच कॉलेजचं नाव दोन-तीनदा दिसतं. शाखा विज्ञानच, पण एक तुकडी अनुदानित (सरकारी मदतीवर चालणारी), दुसरी विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित (अशी मदत नसलेली). प्रत्येकीचा कोड वेगळा आणि फीमध्ये मोठा फरक. नुसतं नाव बघून क्लिक करू नका, कोड वहीत उतरवून आणा. शेजारी गेल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, तेही लिहा.

जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांचे अर्ज दहावीच्या परीक्षेआधीच टाका. मे-जूनमध्ये तहसीलला गर्दी असते. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, तेही आत्ताच बघा. ही दुरुस्ती दहावीत असताना शाळेमार्फत सोपी जाते.

मोबाइल नंबर घरच्याच कुणाचा तरी द्या. ओटीपी आणि फेरीचे मेसेज त्यावरच येतात. पासवर्ड तुम्ही स्वतः टाइप करा, आम्ही तो लिहून ठेवत नाही.

अभ्यासासाठी बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. पुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की धड्याशी संबंधित व्हिडिओ उघडतात. अख्ख्या पुस्तकाची प्रिंट काढायला आमच्याकडे येऊ नका, छापील पुस्तक स्वस्त पडतं. विज्ञान घेणाऱ्यांनी अकरावी वाऱ्यावर सोडू नये. बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसीसाठी द्यायच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो.

एक-दोन विषय राहिले असतील तरी घाबरू नका. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळू शकतो आणि पुरवणी परीक्षाही त्याच वर्षी होते. पुरवणीचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो, त्याचे पैसे बाहेर कुणाला देऊ नका.

येताना विद्यार्थ्याला सोबत आणा. पसंतीक्रम त्याच्या किंवा तिच्या समोरच भरू, आणि लॉक करण्याआधी पूर्ण यादी मोठ्याने वाचून दाखवू.