पुलाच्या तोंडावरचा खड्डा

गुजरातमध्ये बडोद्याजवळच्या पादऱ्याचा, मही नदीवरचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ रोजी सकाळी तुटला, वाहने नदीत कोसळली आणि वीसहून अधिक माणसे गेली. पूल १९८५ मध्ये सुरू झालेला. पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन जॉइंट, म्हणजे गर्डर (पुलाची मुख्य आडवी तुळई) जिथे टेकतो आणि जोडला जातो तो भाग, चिरडल्याचे गुजरात सरकारने प्राथमिक पाहणीनंतर सांगितले. तेव्हापासून बडोद्यात फतेगंजच्या उड्डाणपुलावर शेजारून बस गेली आणि पायाखाली थरथर जाणवली की लोकांच्या पोटात गोळा येतो.

त्या थरथरीला भिऊ नका. वजन आले की वाकायचे आणि वजन गेले की सरळ व्हायचे, हेच गर्डरचे काम आहे. मुळीच न हलणारा पूल जगात नाही. पाहायचे ते इतकेच, की तो किती हलतो आणि त्याला कोण हलवतो.

प्रत्येक गाळ्याची, म्हणजे दोन आधारांमधल्या पुलाच्या भागाची, आपली एक कंपनसंख्या असते: सेकंदाला किती हेलकावे, तो आकडा. दोन्ही टोकांना टेकलेला गर्डर स्वतःच्या वजनाने किती मिलिमीटर वाकतो ते घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि १८ ला त्याने भागा. २५ मिलिमीटर वाकत असेल तर उत्तर येते ३.६, म्हणजे सेकंदाला साडेतीनच्या वर हेलकावे. स्वित्झर्लंडच्या एम्पा या संस्थेने दोनशेहून अधिक पुलांवर मोजणी करून लांबीवरून अंदाज देणारे सूत्र काढले. त्यानुसार २० मीटरच्या गाळ्याला सेकंदाला सुमारे ६, ३० मीटरला ४ आणि ४० मीटरला ३ हेलकावे येतात.

ट्रक वेगाने गेला म्हणून पुलावर जास्त ताण येतो, असा सर्वसाधारण समज आहे. १८४७ मध्ये इंग्लंडात चेस्टर येथे डी नदीवरचा रेल्वेपूल कोसळला, तेव्हा हाच प्रश्न चौकशी आयोगापुढे आला. रॉबर्ट विलिस या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले, जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञांनी गणित सोडवले. आपल्या आकड्यांत सांगायचे तर ताशी ६० किलोमीटरने जाणारा ट्रक ३० मीटरचा गाळा १.८ सेकंदांत ओलांडतो. तेवढ्यात गाळ्याचे सात हेलकावे होऊ शकतात, म्हणजे पुलाच्या हिशेबाने वजन सावकाशच येते. रस्ता काचेसारखा गुळगुळीत असेल तर निव्वळ वेगामुळे वाढणारा ताण जेमतेम काही टक्के भरतो.

खरी गडबड ट्रकच्या उसळीत आहे, आणि ती टिकते पाट्यांमुळे. आपल्याकडचे बहुतेक जड ट्रक पोलादी पाट्यांच्या कमानींवर बसलेले असतात. पाटे एकावर एक घट्ट दाबलेले असल्याने त्यांच्यात घर्षण असते. धक्का मोठा असेल तर पाटे एकमेकांवर सरकतात आणि त्या घर्षणात उसळीची ऊर्जा जिरते. धक्का लहान असेल तर घर्षण जिंकते आणि पाटे जणू एकच लोखंडी ठोकळा होतात. मग सगळा ट्रक फक्त टायरवर उसळू लागतो, आणि टायर ऊर्जा फारशी जिरवत नाही. अशी उसळी सेकंदाला सुमारे तीन वेळा होते. हवेच्या सस्पेन्शनवर तीच दीड ते दोनवर येते. आता वरचा आकडा आठवा: ४० मीटरच्या गाळ्याची कंपनसंख्याही तीन. झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसा ट्रक पुलाला दर हेलकाव्याला ढकलत जातो. सेकंदाला ८ ते १५ वेळा होणारी चाकांच्या आसांची उडी निराळी. ती मोठ्या गर्डरला फारशी जाणवत नाही, पण डेकची (वाहने जातात त्या पृष्ठभागाची) स्लॅब आणि सांधे तीच फोडते.

ट्रक उतरून गेल्यावरही गाळा काही वेळ डोलत राहतो. काँक्रीटच्या पुलात अवमंदन, म्हणजे हेलकावे विरत नेण्याची क्षमता, साधारण १ ते २ टक्के असते. दीड टक्का धरला तर उसळी निम्मी व्हायला सात हेलकावे, म्हणजे ४० मीटरच्या गाळ्यावर जवळपास अडीच सेकंद लागतात. फतेगंजला जाणवते ती हीच थरथर.

मग ट्रकला पहिली उसळी देतो कोण? पुलाचे तोंड. अबटमेंटमागचा (पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीमागचा) मातीचा भराव पावसाळ्यात दबतो किंवा वाहून जातो, रस्ता आणि पूल जोडणारी वरची साडेतीन मीटरची अप्रोच स्लॅब कलते आणि पायरी तयार होते. एक्स्पान्शन जॉइंटचे, म्हणजे पूल तापमानाने लांबतो-आखडतो म्हणून ठेवलेल्या सांध्याचे, रबर निघाले की दुसरी पायरी. उसळत आलेला ट्रक पहिल्याच गाळ्यावर आदळतो. चाकाखालचा भार चांगल्या रस्त्यावर ५ ते १० टक्के वरखाली होतो, खराब रस्त्यावर ३० टक्क्यांपर्यंत सहज जातो. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) संहितेत ए वर्गाच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या एका वाहनसमूहाच्या, भारासाठी काँक्रीट पुलाचा आघात गुणांक (धक्क्यामुळे धरायची वाढ) ४.५ भागिले (६ + गाळ्याची लांबी) असा आहे, म्हणजे ३० मीटरला साडेबारा टक्के. बेअरिंग (गर्डरखालची आधाराची गादी) आणि पेडेस्टलवर, अगदी आदळण्याच्या जागी, प्रत्यक्ष धक्का याहून मोठा असू शकतो. पोलादी गर्डरच्या वेल्डिंगचा थकवा ताणाच्या तिसऱ्या घाताने वाढतो. ताण २० टक्के वाढला की प्रत्येक फेरीतली झीज १.७३ पट होते.

पुलाला बळी लागतो, ही अफवा मोठ्या पुलाचे काम निघाले की आजही उठते आणि निष्पाप माणसांच्या जिवावर बेतते. पुलाला लागते ते दर पावसाळ्यानंतर सांध्यातली माती काढणे आणि बेअरिंगखाली विजेरी घेऊन उतरणे.

दुरुस्तीतही घोळ होतो. जुने डांबर न खरवडता नवा ५० मिलिमीटरचा थर टाकला, तर साडेसात मीटर रुंद आणि ३० मीटर लांब गाळ्यावर सुमारे २६ टन बोजा कायमचा बसतो. शिवाय सांधा खड्ड्यात जातो आणि ट्रक पुन्हा उसळतो. वेग कमी व्हावा म्हणून नेमका पुलाच्या तोंडावर गतिरोधक घालणे तर सर्वांत वाईट. ट्रकचे अवमंदन ५ टक्के धरले तर उसळी पाच हेलकाव्यांनंतर पाचव्या हिश्शावर येते. ताशी ६० ला त्यासाठी जवळपास २८ मीटर लागतात. म्हणून गतिरोधक घालायचाच असेल तर तो पुलापासून किमान ३०-४० मीटर अलीकडे हवा.

पुलाला सेन्सर लावले की धोका आधीच कळेल, अशी जाहिरात हल्ली जोरात आहे. गर्डरचा ताठपणा १० टक्के घटला तर कंपनसंख्या ५ टक्केच घटते, आणि नुसत्या तापमानाच्या फरकानेही ती काही टक्के सरकते. म्हणून वर्षभराच्या नोंदी आणि प्रत्येक नोंदीसोबत तापमान असल्याशिवाय सेन्सरचा आकडा वाचता येत नाही. ३ मीटरची सरळ पट्टी सांध्यावर आडवी ठेवून तिच्याखालची फट मोजायला मात्र दोन माणसे आणि पाच मिनिटे पुरतात.