रोजच्या वापराचा अहवाल जुळत नाही? आधी टाइम झोन तपासा

महिन्याची बेरीज जवळपास बरोबर येते, पण रोजचे आकडे मीटरच्या नोंदीशी जुळत नाहीत, असे असेल तर मीटर किंवा सेन्सर बदलण्याची घाई करू नका. दिवसाची सीमा चुकलेली असण्याचीच शक्यता जास्त.

मॉनिटरिंगचा डेटा सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवला जातो. ते योग्यच आहे, त्याला हात लावू नका. पण क्वेरीत (डेटाबेसकडून माहिती मागवणाऱ्या आज्ञेत) 'एक दिवस' अशी गटवारी मागितली की यूटीसीचा दिवस मिळतो. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे अहवालातला दिवस आपल्या पहाटे 5:30 ला सुरू होतो आणि रात्री 2 वाजता चाललेल्या पंपाची वीज आदल्या तारखेवर पडते. डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये टाइम झोन बदलून हे बहुतेक वेळा सुटत नाही. त्याने अक्षावरची वेळ बदलते, बेरीज मात्र डेटाबेसमध्ये आधीच झालेली असते.

निदान सोपे आहे. आलेखातल्या रोजच्या खांबावर कर्सर न्या. 05:30 दिसले तर गटवारी यूटीसीत होते आहे. 00:00 दिसते, पण सोमवारचा वापर मंगळवारवर येतो? मग खांबाला दिवसाच्या शेवटची वेळ लागते आहे. इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसच्या फ्लक्स या क्वेरी भाषेत अ‍ॅग्रिगेटविंडो हे गटवारीचे फंक्शन मुळातच असे करते. त्यातला टाइमसोर्स 'स्टार्ट' करा. मूळ नोंदीच साडेपाच तास भविष्यात दिसत असतील, तर उपकरण स्थानिक वेळ झोनशिवाय पाठवते आहे. ती चूक उपकरणावरच सुधारा. क्वेरीत तास वजा केले की जुना-नवा डेटा कायमचा मिसळतो.

इतर डेटाबेसांचे पाहू. पोस्टग्रेसमध्ये 'एट टाइम झोन' लावून वेळ आधी स्थानिक करा, मगच डेट-ट्रंकने ती दिवसापर्यंत छाटा. इलॅस्टिकसर्चमध्ये कॅलेंडर इंटरव्हलसोबत टाइम झोन द्या. मायएसक्यूएलचे कन्व्हर्ट-टीझेड हे झोन बदलणारे फंक्शन रिकामे उत्तर देत असेल तर टाइम झोनचे तक्ते भरलेले नाहीत. सगळीकडे 'एशिया/कोलकाता' असे झोनचे नावच लिहा. घड्याळे पुढे-मागे करणाऱ्या देशांत वर्षातून एक दिवस 23 तासांचा आणि एक 25 तासांचा असतो; '+5:30' सारखा ठरावीक फरक तिथे फसतो.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: तासागणिक साठवलेल्या बेरजा. आपली मध्यरात्र यूटीसीच्या 18:30 ला, म्हणजे तासाच्या मधोमध येते. तासाची बेरीज मागाहून अर्धी करता येत नाही, म्हणून बेरजा 30 मिनिटांच्या ठेवा. नेपाळमधली साइट असेल तर 15 मिनिटांच्या, कारण तिथला फरक 5:45 आहे.

अहवाल ईमेलने जात असेल तर क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारा प्रोग्राम) कोणत्या झोनवर चालतो तेही पाहा. ठीक 00:00 ला काढलेल्या अहवालात उशिरा पोचणाऱ्या नोंदी येत नाहीत; अर्धा तास थांबा.

दुरुस्तीनंतर जुने अहवाल नव्या क्वेरीने पुन्हा काढा. तसे न केल्यास बदलाच्या दिवशी 00:00 ते 05:30 चा वापर दोन तारखांत मोजला जातो.