खचलेला मणका आणि सिमेंटची सुई

वय झालं की पाठीला पोक यायचाच, असं धरून आपल्या घरातल्या कित्येक आज्यांचं दुखणं कुणी विचारलंच नाही. त्या पोकामागे अनेकदा खचलेले मणके असतात. हाड ठिसूळ झालं की पाण्याची बादली उचलण्याचं, कधी नुसत्या शिंकेचं निमित्त पुरतं. मणक्याची पुढची बाजू चेपते, तो पाचरीसारखा होतो आणि कणा पुढे झुकतो. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटण्याशी या ठिसूळपणाचा संबंध बोस्टनचे डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी 1940 च्या सुमारास दाखवला. तरी उपचार म्हणजे पलंग, पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या, एवढंच बरीच वर्षं चाललं.

1984 मध्ये फ्रान्समधल्या आमियां इथे गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीत सुईने अॅक्रिलिक सिमेंट भरलं. खुब्याचा कृत्रिम सांधा बसवायला वापरतात तेच हे सिमेंट. रुग्णाचं दुखणं थांबलं. मग हीच युक्ती ठिसूळपणाने खचलेल्या मणक्यांसाठी वापरात आली. 1998 मध्ये आधी मणक्यात फुगा फुगवून मग सिमेंट भरण्याची कायफोप्लास्टी आली. रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू लागत, त्यामुळे डॉक्टरांचाही विश्वास बसला.

2009 मध्ये या विश्वासाला धक्का बसला. दोन चाचण्यांमध्ये काही रुग्णांवर खरी प्रक्रिया केली, तर काहींवर सिमेंट न भरता फक्त तिचा आभास निर्माण केला. एका चाचणीत तर सिमेंटचा वास यावा म्हणून बाटलीही उघडली होती. दोन्ही गटांचं दुखणं जवळजवळ सारखंच कमी झालं! मणका खचून सहा आठवडे व्हायच्या आतल्या, तीव्र वेदनेच्या रुग्णांना फायदा होतो असं 2016 च्या एका चाचणीत दिसलं, पण 2018 च्या दुसऱ्या चाचणीत तसं दिसलं नाही. म्हणून आज सरसकट सिमेंट भरण्याचा सल्ला दिला जात नाही. बऱ्याच जणांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत आपोआप ओसरतं.

मला खरी कळकळ वेगळ्याच गोष्टीची वाटते. एक मणका खचला की वर्षभरात दुसरा खचण्याची शक्यता सुमारे पाचात एक असते. तरीही कित्येकांना पट्टा मिळतो, पण हाडांची घनता मोजली जात नाही आणि हाड बळकट करणारं औषध सुरू होत नाही. शिवाय आपल्याकडे क्षयरोगानेही मणका खचतो, कर्करोगानेही. ताप, घटणारं वजन, रात्री वाढणारं दुखणं असेल तर ‘वयाचं आहे’ म्हणून थांबू नये. पायांतली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.