शेवेच्या पाकिटातला न दिसणारा थर: सॉल्व्हंटबेस की सॉल्व्हंटलेस?

इंदूरच्या घरात शेव संपली तर संध्याकाळच्या आत नवं पाकीट येतं. ते पाकीट म्हणजे एकच जाड प्लॅस्टिक नव्हे. बाहेर उलटी छपाई केलेली 12 मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म, मध्ये चंदेरी मेटलाइज्ड पॉलिएस्टर, आत उष्णतेनं सील होणारी पॉली, म्हणजे पॉलिथिन फिल्म. प्रत्येक जोडात दर चौरस मीटरला जेमतेम दोन-तीन ग्रॅम गोंद या तिघींना एकत्र धरून ठेवतो. हा गोंद दोन प्रकारचा मिळतो: सॉल्व्हंटबेस, म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावकात पातळ केलेला, आणि सॉल्व्हंटलेस, म्हणजे द्रावकाशिवायचा.

सांवेर रोडवर नमकीन बनवणारे एक ओळखीचे काका मला विचारत होते, "दोन्ही गोंद पॉलियुरेथेनचेच ना? मग एकात सॉल्व्हंट आहे, दुसऱ्यात नाही, एवढंच की!" पिथमपूरला लॅमिनेशनवर, म्हणजे फिल्मा चिकटवण्याच्या कामावर, इतकी वर्षं काढल्यावर मी खात्रीनं सांगतो, फरक एवढाच नाही. नावं सारखी असल्यानं घोळ होतो.

सॉल्व्हंटबेस गोंदात रेणूंच्या साखळ्या आधीच लांब झालेल्या असतात. तसाच घेतला तर तो रोलवर नीट पसरत नाही, म्हणून इथाइल ॲसिटेट हा सॉल्व्हंट घालून 30-40 टक्के सॉलिडपर्यंत (सॉलिड म्हणजे सुकल्यावर उरणारा भाग) पातळ करायचा, बारीक खळगे कोरलेल्या ग्रॅव्हूर सिलिंडरनं फिल्मवर चढवायचा आणि ड्रायरमधून न्यायचा. ड्रायरचं तापमान टप्प्याटप्प्यानं वाढवतात. सुरुवातीलाच जास्त उष्णता दिली तर वर साय धरते आणि सॉल्व्हंट खाली अडकतो, मग शेवेला वास लागतो. ॲसिटेट उडून गेलं की उरलेला थर लगेच चिकट असतो. दुसरी फिल्म दाबली की ती जागच्या जागी बसते.

सॉल्व्हंटलेसमध्ये साखळ्या आखूडच ठेवलेल्या असतात. म्हणून तो थोडा गरम केला की सॉल्व्हंटशिवायच वाहतो. गोंद आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर हे दोन भाग मशीनजवळच मिसळतात, गुळगुळीत रोलांमधल्या फटीतून त्याचा पातळ थर होतो आणि ड्रायर लागतच नाही. पण मशीनवरून उतरलेल्या रोलमध्ये गोंद अजून जवळजवळ ओलाच असतो. साखळ्या लांब होतात त्या रोल गुंडाळून ठेवल्यावर, तासातासानं. माझ्या मते खरा फरक हाच: एकात ताकद आधी तयार असते आणि क्युरिंगमध्ये, म्हणजे गोंद मुरून घट्ट होताना, पक्की होते, दुसऱ्यात ती जवळजवळ सगळी नंतर येते.

म्हणून सॉल्व्हंटलेसमध्ये दोन्ही फिल्मांचं टेन्शन, म्हणजे ताण, जुळवण्याला फार महत्त्व आहे. एक फिल्म जास्त ताणलेली असेल तर गुंडाळल्यावर ती आकसते, दुसरी उचलली जाते आणि आडव्या बोगद्यांसारख्या रेघा दिसतात. आम्ही त्याला टनेलिंग म्हणतो. एकदा सणाची घाई म्हणून सहा तासांतच एक रोल स्लिटिंगला, म्हणजे अरुंद पट्ट्यांत कापायला, घेतला गेला. कडेनं थर सुटत गेले आणि तो सगळा माल बाद झाला. त्या दिवसाचं मला आजही वाईट वाटतं, कारण दोष ना गोंदाचा होता ना फिल्मचा. निदान 24 तास थांबायला हवं होतं.

पावसाळा दोघांनाही नडतो. हार्डनरमधलं गोंद जोडणारं रसायन, आयसोसायनेट, पाण्याशी जुळलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, बुडबुडे येतात आणि बाँड, म्हणजे फिल्मांची पकड, कच्चा राहतो. म्हणून ॲसिटेट पाणीविरहित, युरेथेन ग्रेडचंच घ्यावं. स्वस्तातलं घेऊन वाचलेले पैसे परत आलेल्या मालात जातात. छपाईच्या शाईत अल्कोहोल उरलं असेल तर तेही हार्डनर वाया घालवतं.

आता एका जोडाचा हिशोब. सॉल्व्हंटबेसचा सुका थर 3 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) धरा आणि सॉलिड 35 टक्के. म्हणजे ओला थर साधारण 8.6 जीएसएम झाला. एक लाख चौरस मीटरमागे 300 किलो गोंद फिल्मवर राहतो आणि जवळपास 560 किलो ॲसिटेट हवेत जातं किंवा परत गोळा करावं लागतं. ते पेटतंही चटकन, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, उणे 4 अंश सेल्सिअस आहे. सॉल्व्हंटलेस 1.6 जीएसएमनं चालवलं तर 160 किलोत काम होतं आणि उडण्यासारखं काही नसतंच. कामगारांच्या फुप्फुसांचा विचार केला तर माझं मत इथेच ठरतं.

तरी सगळीकडे सॉल्व्हंटलेस चालवा असं मी म्हणणार नाही. अन्न भरून उकळत्या पाण्याहूनही जास्त तापमानाला निर्जंतुक केलं जाणारं रिटॉर्ट पाऊच किंवा अवघड ॲल्युमिनियम फॉइल असेल तर पहिल्या क्षणापासून पकड देणारं सॉल्व्हंटबेस अजून भरवशाचं वाटतं. शेव-मिक्श्चरच्या साध्या पाकिटाला सॉल्व्हंटलेस पुरतं, फक्त तेल आणि तिखटाला टिकणारा ग्रेड मागा. आणखी एक गोष्ट बघा: सॉल्व्हंटलेसचा थर पॉलीतला स्लिप, म्हणजे फिल्म घसरती ठेवणारा पदार्थ, शोषून घेऊ शकतो, त्यामुळे फिल्म मशीनवर घसरेनाशी होते आणि पाकिटं अडकतात. काकांना मी सांगितलं, नवा रोल आला की आधी घर्षण मोजायला सांगा, आणि बाँड धरला असं कुणी म्हटलं तरी शेव भरण्याआधी क्युरिंगचे पूर्ण दिवस जाऊ द्या. मोकळं आयसोसायनेट उरलं तर ओलाव्याशी जुळून त्याचे ॲरोमॅटिक अमाइन, म्हणजे अपायकारक रसायनं, होऊ शकतात, आणि ते खाण्यात येता कामा नयेत.