अनवाणी चालणे : आरोग्यविषयक दावे

पायांत काही न घालता उघड्या जमिनीवर, विशेषतः पहाटे दव पडलेल्या हिरवळीवर चालल्याने प्रकृती सुधारते, असा समज भारतात, जर्मनभाषक युरोपात आणि अलीकडे अमेरिकेतही रूढ आहे. दृष्टी सुधारते, झोप चांगली लागते, रक्तदाब उतरतो, सूज व सांधेदुखी कमी होते, पावलांचे स्नायू बळकट होतात, हे त्यांतील नेहमीचे दावे. पावलाच्या रचनेशी व तोल सांभाळण्याशी निगडित दाव्यांना बऱ्यापैकी आधार सापडतो. जमिनीतून शरीरात काहीतरी शिरते, या कल्पनेवर उभ्या असलेल्यांना तो सापडत नाही.

उगम : ‘दवात चाला, चष्मा जाईल’ हा सल्ला महाराष्ट्रात बहुधा आयुर्वेदाच्या नावावर दिला जातो. संहितांचा अभिप्राय मात्र नेमका उलट आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येच्या ओघात ‘पादत्रधारण’, म्हणजे वहाणा घालणे, हे डोळ्यांना व त्वचेला हितकर, पायांची पीडा टाळणारे आणि बल देणारे म्हटले आहे. या संहितेचे थर वेगवेगळ्या काळांतले असल्याने एकेका श्लोकाचा काळ सांगणे अवघड. तरी सूत्रस्थान, पुढे ही संहिता पूर्ण करणाऱ्या दृढबलाने भर घातलेल्या भागाहून जुने मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. सुश्रुतसंहिता (चिकित्सास्थान, अध्याय २४) अधिक स्पष्ट बोलते. सदा अनवाणी हिंडणे हे अनारोग्यकर, आयुष्य घटवणारे आणि ‘चक्षुषोरुपघातकृत्’, म्हणजे डोळ्यांना इजा करणारे, असे तिचे मत. वाग्भटाचे अष्टांगहृदय (बहुधा ६ वे–७ वे शतक) उत्तरस्थानात याची उपपत्ती देते. तळपायाच्या मध्यातून दोन मोठ्या शिरा निघून डोळ्यांकडे जातात. मळ, उष्णता, आघात व दाब यांनी त्या बिघडल्या की डोळे बिघडतात. म्हणून वहाणा घालाव्यात, तळपायांना तेल चोळावे, पाय धुवावेत. आधुनिक शारीरशास्त्राला अशी शिरा ठाऊक नाही. पण पाय आणि डोळे यांचे नाते ग्रंथांत होतेच. नाते राहिले आणि सल्ला उलटला, असे दिसते.

हा उलटा सल्ला कोठून आला, याविषयी दोन मते संभवतात. एक मत त्याचा संबंध धार्मिक आचाराशी जोडते. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणे किंवा देवदर्शनाला अनवाणी जाणे महाराष्ट्रात आजही सर्रास आढळते. मात्र हे व्रत आहे, त्याचा हेतू कष्ट सोसण्याचा. प्रकृतीला फायदा होतो हे स्पष्टीकरण त्याला मागाहून चिकटलेले वाटते. दुसरे मत, जे अधिक ग्राह्य दिसते, ते १९ व्या शतकातील जर्मन निसर्गोपचाराकडे बोट दाखवते. बव्हेरियातील व्हॉरिसहोफेन येथील कॅथलिक धर्मगुरू सेबास्टियान क्नाइप (१८२१–९७) यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जलचिकित्सेच्या ग्रंथात अनवाणी चालण्याची मात्राच ठरवून दिली : ओल्या गवतावर पाव ते पाऊण तास, ताज्या बर्फावर ३ ते ४ मिनिटे, गार पाण्यात १ मिनिटापासून ५–६ मिनिटांपर्यंत. चालून झाल्यावर पाय न पुसता फक्त चिकटलेले गवत झाडायचे, कोरडे मोजे व बूट चढवायचे आणि पाय गरम होईपर्यंत चालत राहायचे. उपचाराचा भर गारव्यावर आणि त्यानंतर परतणाऱ्या उबेवर आहे, मातीवर नाही. पुढे ही मेख बहुतेकांच्या लक्षातून निसटली. मातीच्या स्पर्शालाच गुणकारी मानणारे आडोल्फ युस्ट (१८५९–१९३६). त्यांनी हार्ट्स पर्वतात १८९६ मध्ये युंगबोर्न हे आरोग्यधाम काढले. युस्ट यांचे पुस्तक गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचले आणि मातीचे उपचार करून पाहिले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे १९४६ मध्ये सुरू झालेला निसर्गोपचार आश्रम याच परंपरेतला.

विद्युत्‌भाराचा दावा : अमेरिकेत केबल टीव्हीच्या व्यवसायातून आलेल्या क्लिंट ओबर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘अर्थिंग’ची कल्पना मांडली. पृथ्वीचा पृष्ठभाग ऋणभारित असल्याने उघड्या पावलांवाटे इलेक्ट्रॉन शरीरात येतात व दाह निर्माण करणाऱ्या मुक्त मूलकांना (इलेक्ट्रॉन कमी असलेल्या अस्थिर रेणूंना) शमवतात, असे तिचे स्वरूप. पृष्ठभाग ऋणभारित आहे हे खरे. पुढचा हिशेब मात्र जुळत नाही. माणसाच्या शरीराची विद्युत् धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, सुमारे १०० पिकोफॅरड असते. कोरड्या हवेत नायलॉनच्या कपड्यांच्या घर्षणाने त्यावर १,००० व्होल्ट चढले असे धरले, तरी जमिनीला पाय लागताच होणारी देवघेव १ कुलोमच्या कोट्यंशाएवढी, म्हणजे सुमारे ६२ हजार कोटी इलेक्ट्रॉनांची. आकडा प्रचंड वाटतो. पण ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, रेणूमागे दोन या दराने, याच्या ५० कोटी पटींहून अधिक इलेक्ट्रॉन देऊ शकते. शिवाय ही देवघेव क्षणार्धात आटोपते. तासभर चालल्याने ती तासभर चालू राहत नाही.

या कल्पनेच्या समर्थनार्थ दिले जाणारे प्रयोग लहान आहेत. झोप व कॉर्टिसॉल (ताणाशी निगडित संप्रेरक) यांवरील २००४ चा प्रयोग १२ जणांवर, तर रक्ताच्या घट्टपणावरील २०१३ चा १० जणांवर झाला. अशा प्रयोगांच्या काही लेखकांचे अर्थिंगची साधने विकणाऱ्या व्यवसायाशी आर्थिक संबंध होते. अर्थिंगच्या चादरी व चटया भिंतीवरील प्लगच्या तिसऱ्या, मातीच्या छिद्राला जोडायच्या असतात. घराचे अर्थिंग सदोष असेल तर त्या तारेवरच वीज उतरू शकते. म्हणून चांगल्या बनावटीच्या तारेत १ लाख ओहम किंवा त्याहून अधिक रोध बसवलेला असतो. नुसती उघडी तार जोडणे धोक्याचे. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून सदोष पंपाला हात लावल्यास बसणारा झटका हाही शरीर ‘अर्थ’ झाल्याचाच परिणाम.

पावलाची रचना : येथे पुरावा अधिक भक्कम आहे. राव व जोसेफ यांनी कर्नाटकात ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांचे ठसे तपासले (१९९२). पादत्राणे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के मुलांचे तळवे सपाट आढळले. पुढून बंद बूट वापरणाऱ्यांत प्रमाण सर्वाधिक होते. पाहणी एकाच वेळेची असल्याने कार्यकारणभाव यातून पक्का होत नाही. गुडघ्याच्या संधिवाताच्या ७५ रुग्णांवरील अभ्यासात (२००६) अनवाणी चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवरील भार नेहमीच्या बुटांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी घटला. केनियातील लोकांवरील २०१९ च्या संशोधनात जाड घट्ट्यांमुळे तळपायाची संवेदना बोथट होत नसल्याचे दिसले. अमेरिकेत १०८ वृद्धांना १६ आठवडे दगडगोट्यांच्या चटईवर चालवले असता साध्या चालण्याच्या तुलनेत तोल सुधारला व खालचा रक्तदाब थोडा उतरला (२००५). आपल्याकडील बागांतल्या ‘ॲक्युप्रेशर ट्रॅक’ची बाजू मांडताना फार तर एवढेच म्हणता येईल, एकेका गोट्याखाली एकेक अवयव असल्याचे फलक त्यात बसत नाहीत.

दृष्टीबाबत एक गोष्ट नोंदवायला हवी. चष्म्याचा नंबर बुबुळाची वक्रता व नेत्रगोलाची लांबी यांवर ठरतो, त्याला तळपाय बदलू शकत नाही. परंतु ग्वांगजौ येथील शाळांत रोज ४० मिनिटे जास्त बाहेर घालवणाऱ्या मुलांत तीन वर्षांत लघुदृष्टीचे (दूरचे अंधुक दिसण्याचे) नवे प्रमाण ३९.५ ऐवजी ३०.४ टक्के राहिले (२०१५). श्रेय बहुधा बाहेरच्या उजेडाचे. चप्पल घातली काय, न घातली काय.

धोके : अंकुशकृमीच्या (हुकवर्म) अळ्या विष्ठेने दूषित झालेल्या ओलसर, सावलीच्या मातीत ५ ते १० दिवसांत संसर्गक्षम होतात आणि अखंड त्वचेतूनही शिरतात, बोटांच्या बेचक्यांत खाज सुटणे ही पहिली खूण. काट्यावाटे बुरशी किंवा जिवाणू आत गेल्याने होणाऱ्या मायसेटोमाला ‘मदुरा पाय’ म्हणतात. त्याचा पायाभूत अभ्यास मुंबईत काम केलेल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८७४ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. पावसाळ्यात चिखल्या होतात, आणि उंदरांच्या मुत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. कोकणात पाचोळ्यात व कातळावर फुरसे असते. उन्हात डांबर व काळी फरशी ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या तापमानाला त्वचा सुमारे ५ सेकंदांत भाजते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना भाजल्याचे कळतही नाही. १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूचा स्पर्श तळव्याला जाणवत नसेल, तर घरातही अनवाणी चालू नये.

पद्धत : सपाट, नजरेखालची हिरवळ निवडावी, नुकतेच कीटकनाशक किंवा शेणखत टाकलेली टाळावी. पहिल्या आठवड्यात रोज ५ ते १० मिनिटे, पुढे आठवड्याला साधारण ५ मिनिटांची वाढ पुरे. पाऊल लहान टाकावे. बुटाच्या सवयीने टाच आपटत चालल्यास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाच ठणकते. घाई केली तर चवड्यांच्या हाडांवर ताण येतो. पातळ तळाच्या बुटांकडे १० आठवड्यांत वळलेल्या धावपटूंत हाडांच्या मगजाला सूज आढळली होती (२०१३). असे बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीने पाय बळकट होण्याच्या जाहिरातीवरून झालेला न्यायालयीन दावा २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलरांवर मिटवला. चालून आल्यावर पाय साबणाने धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात, टाचांच्या भेगा व तळवे उजेडात पाहावेत. बाभळीच्या काट्याचे टोक आत मोडल्यास सुईने कोरत बसू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावे. धनुर्वाताच्या लशीची शेवटची मात्रा मळकट जखमेसाठी ५ वर्षांपूर्वीची, स्वच्छ जखमेसाठी १० वर्षांपूर्वीची असेल तर पुन्हा घ्यावी.