वर्ड-एक्सेल रीतसर आणि फुकट: पात्रता कोणाची, कागद कोणते, अर्ज कुठे अडतो

दरवर्षी प्रवेश संपले की हजारो विद्यार्थी मोफत ऑफिससाठी (वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटसाठी) मायक्रोसॉफ्टच्या पानावर आपला जीमेल टाकतात, ‘तुम्ही पात्र नाही’ असं उत्तर वाचतात आणि शेवटी कोणाकडून तरी पाचशे रुपयांची ‘लाइफटाइम की’, म्हणजे ऑफिस सुरू करायचा कोड, घेतात. यातला पहिला नकार टाळता येतो आणि दुसरा खर्च तर करूच नये. मात्र त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या या विद्यार्थी योजनेत पात्रता आधी कॉलेजची तपासली जाते, विद्यार्थ्याची नंतर. तुमचे सगळे कागद चोख असले तरी कॉलेजची नोंदणी नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही.

अर्जाआधी लॅपटॉप तपासा

लॅपटॉप नवीन असेल तर त्याच्या किमतीतच ऑफिस आलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. बिल किंवा खोका पाहा. ‘ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१’ किंवा ‘ऑफिस होम २०२४’ असं लिहिलेलं असेल तर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट तुमचंच आहे आणि त्याची मुदत संपत नाही. मात्र विंडोज पहिल्यांदा सुरू झाल्यापासून साधारण १८० दिवसांत ते अ‍ॅक्टिव्हेट करावं लागतं. अनेकांना हे दिवस वापराची मुदत वाटतात. तसं नाही, ही हक्क सांगण्याची मुदत आहे.

दुसरा घोळ ‘मायक्रोसॉफ्ट ३६५ बेसिक, १ वर्ष’ या ओळीचा. काही लॅपटॉपवर ऑफिससोबत हेही येतं. हे मुख्यतः १०० जीबी साठवण देणारं वर्गणीचं खातं आहे. वर्ष संपल्यावर नूतनीकरणाची सूचना आली की लोकांना आपलं वर्ड बंद पडणार असं वाटतं आणि ते पैसे भरतात. ऑफिस होम २०२४ वेगळं आहे आणि ते चालूच राहतं.

तिसरी गोष्ट दुकानात घडते. ‘सगळं सेट करून देतो’ म्हणत दुकानदार स्वतःच्या मेल आयडीने ऑफिस अ‍ॅक्टिव्हेट करतो. मग ते ऑफिस त्याच्या खात्याला कायमचं जोडलं जातं. पुढे लॅपटॉप फॉरमॅट केला की तुमच्या हातात काहीच राहत नाही. म्हणून लॅपटॉप घेतानाच वर्ड उघडून ‘फाइल’मधल्या ‘अकाउंट’वर जा. ‘प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हेटेड’च्या खाली हे कोणाचं आहे तो मेल पत्ता दिसतो. तो तुमचाच, आणि तोही कॉलेजचा नव्हे तर स्वतःचा कायमचा पत्ता असायला हवा.

कॉलेजमार्फत मिळणारं ऑफिस

योजनेचं नाव ऑफिस ३६५ ए१. विद्यार्थ्याला शुल्क शून्य. पात्रतेच्या अटी दोन: कॉलेज मान्यताप्राप्त आणि मायक्रोसॉफ्टकडे शैक्षणिक संस्था म्हणून नोंदलेलं असावं, आणि तुमच्याकडे त्या कॉलेजच्या डोमेनचा (पत्त्यात @ नंतर कॉलेजचं नाव येतं तो) चालू मेल आयडी असावा. खासगी क्लास, टायपिंग इन्स्टिट्यूट यांचा मेल चालत नाही.

प्रक्रिया दोन मिनिटांची. मायक्रोसॉफ्टच्या शिक्षण विभागाच्या पानावर कॉलेजचा मेल टाका, ‘मी विद्यार्थी आहे’ निवडा, मेलवर आलेला कोड भरा. बोनाफाइड, फीची पावती असं काहीही अपलोड करायचं नसतं.

म्हणजे अडवणारा कागद एकच: कॉलेजचा मेल आयडी. आणि संलग्न महाविद्यालयांतल्या कित्येक विद्यार्थ्यांकडे नेमका तोच नसतो. काही ठिकाणी आयडी तयार केलेला असतो, पण विद्यार्थ्याला पासवर्ड कोणी दिलेलाच नसतो. म्हणून ‘मेल आयडी द्या’ एवढंच सांगून थांबू नका. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज करा. त्यात पूर्ण नाव, वर्ग, रोल नंबर, पीआरएन आणि चालू मोबाइल नंबर लिहा, ओळखपत्राची प्रत जोडा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी मागणी टेबलावरच राहते.

कॉलेजच नोंदलेलं नसेल तर? नोंदणी विद्यार्थी करू शकत नाही. ती कॉलेजच्या संगणक विभागाने करायची असते. कॉलेजचं स्वतःचं डोमेन लागतं. एसी डॉट इन किंवा एज्यु डॉट इन असेल तर उत्तम, ही डोमेनं अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था शैक्षणिक संस्थांनाच देते. डोमेन असलं की मायक्रोसॉफ्टकडे पडताळणीचा अर्ज करायचा. ए१ परवान्याला कॉलेजलाही पैसे पडत नाहीत. तरीही वर्षानुवर्षं हे काम कोणी हातात घेत नाही आणि भुर्दंड पोरांना पडतो. एकट्याने मागण्यापेक्षा वर्गातल्या सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन द्या, आणि ‘परवान्याचा खर्च शून्य आहे’ हे पहिल्याच ओळीत लिहा.

आता ए१मध्ये काय मिळतं ते नीट वाचा, कारण सीनियर सांगतात ते जुनं असतं. पूर्वी ‘ए१ प्लस’मध्ये लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं वर्डही मिळायचं. ते १ ऑगस्ट २०२४ पासून बंद झालं. आता ए१मध्ये वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट ब्राउझरमध्ये चालतात, म्हणजे इंटरनेट लागतं. ‘इन्स्टॉल’चं बटण दिसत नाही म्हणून अर्ज फसला असं समजू नका. ते बटण हवं असेल तर कॉलेजने ए३ किंवा ए५ हा पैशांचा परवाना घेतलेला असावा लागतो.

ब्राउझरमधलं वर्ड कॉलेजच्या मेलशिवायही मिळतं. साध्या मोफत मायक्रोसॉफ्ट खात्यावर ते चालतं आणि ५ जीबी साठवण मिळते. गूगल डॉक्सला १५ जीबी, पण ती जीमेल आणि फोटोंसह मिळून.

इंटरनेट नसलेल्या घरासाठी

इथे लिब्रेऑफिस हे वर्ड-एक्सेलची कामं करणारं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्याला अर्ज, कागद, पात्रता काहीही लागत नाही. द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. ‘वर्डसारखं नाही’ म्हणून लोक दोन दिवसांत ते काढून टाकतात, ते दोन सेटिंग न केल्यामुळे.

पहिलं सेटिंग: फाइल आपोआप लिब्रेऑफिसच्या ओडीटी स्वरूपात सेव्ह होते आणि ती सरांकडे नीट उघडत नाही. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लोड/सेव्ह’, ‘जनरल’ इथे जाऊन कायमचं स्वरूप वर्डचं, म्हणजे डॉकएक्स, करून टाका.

दुसरं मराठीचं. देवनागरी मजकूर निवडून फॉन्ट बदलला तरी अक्षर बदलत नाही, अशी तक्रार सतत येते. लिब्रेऑफिस इंग्रजीचा आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा धरतं. ‘ऑप्शन्स’मधल्या भाषेच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करा, मग ‘फॉरमॅट’मधल्या ‘कॅरेक्टर’ खिडकीत त्याच्यासाठी वेगळा रकाना दिसतो. तिथे मंगल किंवा निर्मला यूआय निवडा आणि आकारही तिथेच बदला.

ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बाइंड केलेला अहवाल) छापायला नेताना फाइल नेहमी पीडीएफ करून न्या. झेरॉक्सवाल्याकडे फॉन्ट नसला की पानं सरकतात, अनुक्रमणिकेतले पान क्रमांक चुकतात आणि बाइंडिंग पुन्हा करावं लागतं.

पाचशे रुपयांच्या ‘की’बद्दल

‘ऑफिस प्रोफेशनल प्लस, लाइफटाइम’ अशी जाहिरात दिसली की थांबा. प्रोफेशनल प्लस मोठ्या संस्थांना घाऊक परवान्यावर दिलं जातं. कोणत्या तरी संस्थेची की फोडून किरकोळ विकलेली असते आणि ती कधीही बाद होऊ शकते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे विकणारा तुम्हाला तयार लॉगिन आणि पासवर्ड देतो. ते खातं दुसऱ्याच्या ताब्यात असतं. तुमचे प्रोजेक्ट, आधारची प्रत, गुणपत्रिका त्याच्या ड्राइव्हमध्ये जातात, आणि खातं बंद करण्याचा अधिकारही त्याचाच. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगणाऱ्या, चोरून ऑफिस सुरू करून देणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरला तर लॅपटॉपला हातही लावू देऊ नका.

सवलतीत विकत घ्यायचं असेल तर

कोणत्याही सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी सवलतीसाठी कागद अपलोड करायला सांगितलं, तर त्यावर तीन गोष्टी एकत्र हव्यात: तुमचं नाव, कॉलेजचं नाव आणि चालू वर्षाची तारीख. आपल्याकडच्या ओळखपत्रांवर तारीख बरेचदा मागच्या बाजूला असते, आणि विद्यार्थी फक्त पुढची बाजू पाठवतात. अशा वेळी चालू वर्षाची फीची पावती जास्त उपयोगी पडते. नावाचाही घोळ होतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं आणि आईचं नाव. फॉर्मच्या ‘फर्स्ट नेम’ रकान्यात स्वतःचं नाव आणि ‘लास्ट नेम’मध्ये आडनाव एवढंच भरा, स्पेलिंग कागदावरच्यासारखंच ठेवा.

शेवटच्या सेमिस्टरला

कॉलेजचं खातं कॉलेज सोडल्यावर बंद होतं, आणि काही ठिकाणी कसलीही पूर्वसूचना मिळत नाही. निकालाची वाट न पाहता वनड्राइव्हमधल्या (त्या खात्याच्या ऑनलाइन साठवणीतल्या) सगळ्या फाइल स्वतःच्या खात्यात किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. नोकरीचे अर्ज, शिष्यवृत्तीची पोर्टलं, परीक्षांचे फॉर्म जिथे जिथे कॉलेजचा मेल दिला आहे तिथे तो आत्ताच बदला. ओटीपी त्याच मेलवर येत असेल, तर खातं बंद झाल्यावर तो बदलताही येत नाही.